एफएल २३८८३ : शाफहाउझेनच्या एका घड्याळाचं प्रकरण

१ एप्रिल १९४४, शनिवार. सकाळी अकराच्या सुमारास अमेरिकेची लिबरेटर बॉम्बफेकी विमानं स्वित्झर्लंडच्या उत्तर टोकाच्या शाफहाउझेन शहरावर आली. भोंगे वाजले होते. पण भोंगे वाजायचे, विमानं डोक्यावरून जर्मनीकडे निघून जायची आणि काहीच व्हायचं नाही, असं इतक्यांदा झालं होतं की पुष्कळ लोक तळघरात न जाता वर बघत रस्त्यातच उभे राहिले. बघता बघता बॉम्ब पडले. ४० माणसं गेली, २७० च्या आसपास जखमी झाली, संग्रहालयातली शतकांपूर्वीची चित्रं जळाली. विमानातल्यांना वाटत होतं की खाली लुडविग्सहाफेनचे रसायनांचे कारखाने आहेत. लुडविग्सहाफेन तिथून सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर उत्तरेला.

ऱ्हाइनकाठच्या एका कारखान्याचं छप्पर फोडून एक बॉम्ब आत आला आणि फुटलाच नाही. शेजारी पडलेल्या आगलाव्या बॉम्बच्या ज्वाळा तडकलेल्या खिडक्यांतून आत घुसल्या, त्या कारखान्याच्याच आग विझवणाऱ्या पथकाने आटोक्यात आणल्या. कारखाना होता इंटरनॅशनल वॉच कंपनीचा, म्हणजे आयडब्ल्यूसीचा. चार वर्षांपूर्वी, १९४० साली, इथूनच १,००० मनगटी घड्याळं जर्मन हवाई दलाकडे रवाना झाली होती. त्यांचं काम एकच: आकाशात विमान नेमकं कुठे आहे याचा हिशेब करायला अचूक वेळ पुरवणं.

म्हणजे दिशा शोधायचं घड्याळ बनवणारं गाव दिशा चुकलेल्या विमानांनी भाजून काढलं. ‘दिव्याखाली अंधार’ म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. पण ही म्हण इथे लागू पडत नाही, कारण त्या सकाळी कुणाचंच घड्याळ चुकलं नव्हतं. काय चुकलं, ते हे घड्याळ आधी समजून घेतल्याशिवाय कळणार नाही.

घड्याळ कुणाचं?

आज हे घड्याळ ‘पायलट वॉच’ म्हणून ओळखलं जातं. मूळ नाव ‘बेओबाख्टुंग्सऊर’, लघुरूप ‘बी-ऊर’. अर्थ: निरीक्षणाचं घड्याळ. जर्मन बॉम्बफेकी विमानात ‘बेओबाख्टर’ म्हणजे निरीक्षक असे. नकाशा, होकायंत्र, ताऱ्यांचे वेध आणि शेवटी बॉम्ब सोडणं, ही सगळी कामं त्याची. हेंकेल १११ मध्ये तो विमानाच्या काचेच्या नाकात बसायचा. हे घड्याळ त्याच्या हातावर असायचं, दांडा धरलेल्या वैमानिकाच्या नव्हे. वैमानिकांसाठी वेगळी घड्याळं होती, हानहार्ट आणि टुटिमाची बटणं दाबून वेळ मोजायची क्रोनोग्राफ.

तेही घड्याळ निरीक्षकाच्या मालकीचं नव्हे. ते सरकारी साहित्य होतं. मोहिमेला निघताना घ्यायचं, परतल्यावर जमा करायचं. केसच्या डाव्या कडेला कोरलेला ‘एफएल २३८८३’ हा त्याचा साहित्य-क्रमांक. यातला २३ दिशादर्शनाच्या उपकरणांचा. तिजोरीवर किंवा सरकारी खुर्चीवर नंबर घालतात ना, तसाच. तबकडीवर मात्र कंपनीचं नाव नाही, चिन्ह नाही, काहीच नाही. ते नाव मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे फक्त दुरुस्ती करणाऱ्याची नजर जाईल.

एवढं लक्षात आलं की घड्याळाचा सगळा ‘लुक’ आपोआप उलगडतो. व्यास ५५ मिलिमीटर, आयडब्ल्यूसीच्या नगाचं वजन १८३ ग्रॅम. इतकं अवजड कशाला? तर आत खिशातल्या घड्याळाचं मशीन आहे. मोठा बॅलन्स, म्हणजे लय धरणारं झुलतं चाक, एका लयीत चालतो आणि हलवाहलवीने सहजासहजी बिथरत नाही. आयडब्ल्यूसीचं ५२ क्रमांकाचं मशीन तासाला १८,००० ठोके देणारं, म्हणजे सेकंदाला पाच. खिशातल्या घड्याळात सेकंदकाटा सहाच्या वर छोट्या गोलात फिरतो. इथे तो मुद्दाम मध्यभागी आणला, कारण थरथरत्या विमानात तो छोटा गोल वाचणार कोण? केस करड्या रंगाची, मुद्दाम चमक घालवलेली, म्हणजे प्रकाश परावर्तित होऊ नये. चावी कांद्यासारखी फुगीर, हातमोज्यातूनही धरता यावी म्हणून. चामड्याचा पट्टा रिव्हेट मारलेला आणि लांबलचक, कारण तो उघड्या मनगटाला बांधायचा नव्हता, उड्डाणाच्या जाड जॅकेटच्या बाहीवरून आवळायचा होता.

तबकडी काळी, आकडे १ ते ११. बाराच्या जागी एक त्रिकोण आणि त्याच्या दोन बाजूंना दोन ठिपके. अंधारात घड्याळ वाकडंतिकडं दिसलं तरी वरची बाजू कोणती हे एका नजरेत कळावं, यासाठी ती खूण. संग्राहक याला ‘अ प्रकार’ म्हणतात. जानेवारी १९४१ पासून ‘ब प्रकार’ आला. त्यात बाहेरच्या मोठ्या वर्तुळात ५ ते ५५ मिनिटं आणि आत छोट्या वर्तुळात तास. निरीक्षकाला किती वाजले हे साधारण ठाऊकच असतं, त्याला हवी असतात मिनिटं आणि सेकंदं. माझ्या मते ‘ब’ ही जास्त प्रामाणिक तबकडी आहे. दिसायला ‘अ’ सुंदर, हेही तितकंच खरं. आयडब्ल्यूसीची सगळी घड्याळं ‘अ’ प्रकारातलीच, कारण त्यांची खेप ‘ब’ येण्याआधीच गेली होती.

एका सेकंदाची किंमत

हा मजकुराचा गाभा आहे, म्हणून जरा आकडेमोड करू.

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे चार सेकंदांत एक कला (अंशाचा साठावा भाग). विषुववृत्तावर एक कला म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. ताऱ्याचा वेध घेऊन रेखांश काढताना घड्याळ एक सेकंद चुकलं, तर तिथे तुमची जागा ४६३ मीटर सरकते. ५० अंश अक्षांशावर, म्हणजे इंग्लंडच्या दक्षिण टोकाच्या आसपास, हाच फरक साधारण ३०० मीटर. घड्याळ अर्धा मिनिट मागे असेल तर तुम्ही ९ किलोमीटर बाजूला.

यावर कुणी म्हणेल, की हलत्या विमानातून बुडबुड्याच्या अष्टमापीने (ताऱ्याची उंची मोजायच्या उपकरणाने) घेतलेला ताऱ्याचा वेध मुळातच कित्येक किलोमीटरने चुकतो. मग सेकंदाचा एवढा अट्टहास का? आक्षेप बरोबर आहे. पण त्या दोन चुकांची जात वेगळी. अष्टमापीची चूक कधी इकडे, कधी तिकडे. पाच-सहा वेध घेऊन सरासरी काढली की ती बरीचशी मारली जाते. घड्याळाची चूक मात्र दर वेधाला एकाच बाजूला ढकलते आणि सरासरीत लपून बसते. तिचा संशयही येत नाही. म्हणून ती जमिनीवरच संपवायची.

त्याची सोय घड्याळात होती. चावी ओढली की सेकंदकाटा जागच्या जागी थांबतो. उड्डाणाआधी वेळेचा संकेत येईपर्यंत काटा धरून ठेवायचा आणि ठोक्याला चावी आत दाबायची. बॅलन्सला झुलवणारी बारीक हेअरस्प्रिंग ब्रेगे पद्धतीची, शेवटचं वळण वर उचललेली, म्हणजे हात कसाही असला तरी चाल फारशी बदलू नये. हाम्बुर्गच्या जर्मन सागरी वेधशाळेच्या क्रोनोमीटरच्या, म्हणजे अतिअचूक घड्याळांच्या, निकषांवर ही घड्याळं पारखली जात. जहाजावरच्या लाकडी पेटीतल्या क्रोनोमीटरचं काम आता बाहीवर आलं होतं.

खरा उपयोग समुद्रावर. बोर्दोजवळच्या तळावरून अटलांटिकवर दूरवर जाणाऱ्या जर्मन कोंडोर विमानांना खाली खूण म्हणून काहीच नसायचं; तिथे तारे, सूर्य आणि घड्याळ. जमिनीवर जायचं तर बहुतेक वेळा वेग गुणिले वेळ, हा साधा त्रैराशिकाचा हिशेब चाले. आणि तिथेच वाऱ्याचा प्रश्न येतो.

पाच कारखाने

जर्मन विमान मंत्रालयाने ही घड्याळं पाच कंपन्यांकडून घेतली. ग्लासह्यूटचे ए. लांगे उंड झ्योने, हाम्बुर्गचे वेम्पे, फोर्त्सहाइमचे लाको आणि श्टोवा, आणि शाफहाउझेनचं आयडब्ल्यूसी. पहिले चार जर्मन, पाचवं स्विस. नियम सगळ्यांना एकच, म्हणून वरून पाहिलं तर पाचही भावंडं दिसतात. आत मात्र प्रत्येकाचं मशीन वेगळं. लांगेचं स्वतःचं; लाकोत फोर्त्सहाइमच्याच डुरोव्हे कंपनीचं; श्टोवात युनिटासचं, वेम्पेत थोमेनचं. युनिटास आणि थोमेन दोन्ही स्विस. म्हणजे पाचांपैकी तीन घड्याळांचं काळीज स्वित्झर्लंडचं.

तटस्थ देशातल्या कारखान्याने हे का करावं? शाफहाउझेन शहर ऱ्हाइनच्या उत्तर काठावर, आणि त्या परगण्याला बहुतेक बाजूंनी जर्मनीच वेढून आहे. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडल्यावर सगळा स्वित्झर्लंडच जर्मनी-इटलीच्या कचाट्यात सापडला. कोळसाही त्यांच्याच मेहरबानीने यायचा. १,००० घड्याळांची मागणी ही त्या काळी नाकारण्याजोगी गोष्ट नव्हती, असं समजून घेता येतं. पण निव्वळ ‘नाइलाज’ म्हणून त्यावर पांघरूण घालणंही मला पटत नाही. बॉम्बफेकी विमानात हे घड्याळ कुणाच्या डोक्यावर वेळ मोजणार, हे बनवणाऱ्याला कळत नव्हतं असं नाही.

गंमत म्हणजे याच कारखान्याने युद्धाच्या शेवटी ब्रिटिश सैन्यासाठी सुमारे ६,००० मनगटी घड्याळं बनवली. बारा स्विस कंपन्यांना मिळालेलं ते काम. संग्राहक त्या बाराजणांना ‘डर्टी डझन’ म्हणतात. आणि १९४८ पासून ब्रिटिश हवाई दलाला आयडब्ल्यूसीचं ‘मार्क ११’ जाऊ लागलं, नॅव्हिगेटरसाठीच. लोखंडी आतल्या डबीत बसवलेलं, चुंबकत्वापासून जपलेलं, आकाराने आटोपशीर. गिऱ्हाईक बदललं, दुकान तेच.

मग १ एप्रिलला चुकलं काय?

वारा. त्या दिवशी ढगांनी जमीन झाकली होती, वाऱ्याने विमानं अंदाजापेक्षा दूर ढकलली, आणि ढगांतून जमीन दाखवणारं रडार ऐन वेळी बिघडलं. वेग माहीत आहे, वेळ माहीत आहे, म्हणून अंतर माहीत आहे, हा हिशेब स्थिर हवेत खरा ठरतो. वाऱ्याचा वेग आणि रोख चुकीचा धरला तर सेकंदापर्यंत अचूक असलेलं घड्याळ तुम्हाला अचूकपणे चुकीच्या ठिकाणी नेतं. २०० किलोमीटर म्हणजे लिबरेटरच्या चालीने अर्ध्या तासाहून जास्त उड्डाण. कुठलंही लष्करी घड्याळ एका रात्रीत इतकं चुकत नाही. ढगांच्या फटीतून नदीकाठचं एक शहर दिसलं, नदी ऱ्हाइनच होती, आणि शहर नदीच्या उत्तरेला होतं. तेवढ्यावर ठरलं.

जर्मनांनी हा वाऱ्याचा तिढा १९४० मध्येच एका वेगळ्या घड्याळाने सोडवला होता, हे इथे सांगायला हवं. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कोव्हेंट्रीवर पहिले बॉम्ब टाकणारी विमानं रेडिओ किरणाच्या वाटेने गेली. त्या वाटेला ठरावीक अंतरावर दुसरे किरण आडवे छेद देत होते. एक छेद ओलांडताना निरीक्षक विमानातल्या खास घड्याळाचं बटण दाबायचा, पुढचा छेद ओलांडताना पुन्हा. दोन्ही छेदांमधलं अंतर पक्कं माहीत, म्हणून त्या वेळेत जमिनीवरचा खरा वेग आपोआप पकडला जायचा, वाऱ्यासकट. घड्याळाचे काटे जुळले की बॉम्ब आपसूक सुटायचे. बाहीवरच्या बी-ऊरला हे कधीच जमणार नव्हतं. ते वेळ सांगू शकतं. वारा सांगायला दुसरं काहीतरी लागतं.

आयडब्ल्यूसीच्या बाबतीत आणखी एक टोचणी. ही कंपनी १८६८ साली स्थापन केली ती बोस्टनहून आलेल्या फ्लोरेन्टाइन एरियोस्टो जोन्सने. स्विस कारागीर, ऱ्हाइनच्या पाण्याची शक्ती, आणि माल अमेरिकेत विकायचा, असा त्याचा बेत. अमेरिकनाने उभारलेल्या कारखान्यावर अमेरिकन बॉम्ब.

अमेरिकेने चूक मान्य केली आणि भरपाईही दिली. स्वित्झर्लंडवर झालेल्या अशा सगळ्या चुकीच्या बॉम्बफेकीचा हिशेब १९४९ मध्ये सुमारे ६ कोटी २० लाख स्विस फ्रँकांवर मिटला. ४ मार्च १९४५ ला झुरिकवर पुन्हा तोच प्रकार झाला. त्यात आघाडीच्या विमानाचा वैमानिक आणि नॅव्हिगेटर यांच्यावर इंग्लंडमध्ये लष्करी खटला चालला. न्यायमंडळाच्या अध्यक्षस्थानी होते कर्नल जेम्स स्टुअर्ट, हॉलिवूडचे नट, स्वतः लिबरेटर उडवलेले. दोघेही सुटले.

उरलेली चार

फोर्त्सहाइम हे दागिने आणि घड्याळं घडवणारं शहर. बारीक कामाचे कारागीर घरोघरी, म्हणून युद्धाचे नाजूक भाग इथे बनत असणार, असा ब्रिटिशांचा कयास. २३ फेब्रुवारी १९४५ च्या संध्याकाळी २० एक मिनिटांत शहर संपलं. १७,००० हून अधिक माणसं मेली. लाको आणि श्टोवा, दोन्हींचे कारखाने त्यात गेले. ग्लासह्यूटमध्ये लांगेची मुख्य इमारत सोव्हिएत विमानांनी ८ मे १९४५ ला, युद्ध संपण्याच्या अगदी त्याच दिवशी, पाडली. १९४८ मध्ये कंपनी सरकारजमा झाली आणि नाव पुसलं गेलं. वॉल्टर लांगे यांनी ती पुन्हा उभी केली ती बर्लिनची भिंत पडल्यावर, डिसेंबर १९९० मध्ये. वेम्पेचं हाम्बुर्ग १९४३ च्या उन्हाळ्यातच होरपळलं होतं. एकाच घड्याळाची पाच माहेरं चार गावांत, आणि चारही गावांवर वरून बॉम्ब पडले.

आज एखादं समोर आलं तर

अस्सल नग दुर्मीळ, किंमत जबर, म्हणून नकलांना ऊत. इंटरनेटवर ‘जर्मन पायलट, दुसरं महायुद्ध’ म्हणून काही हजारांत मिळणाऱ्या घड्याळांत बहुतेक वेळा सोव्हिएत मोल्निया किंवा स्विस युनिटासचं खिशातल्या घड्याळाचं साधं मशीन नव्या केसमध्ये बसवलेलं असतं. ओळखायची पहिली खूण फुकटची आहे: सेकंदकाटा मध्यभागी आहे का? सहा किंवा नऊजवळ छोट्या गोलात फिरत असेल तर पुढे बघूच नका. दुसरी: तबकडीवर कंपनीचं नाव किंवा गरुड-स्वस्तिक मिरवत असेल तर ते नंतर कुणीतरी गिऱ्हाईक पटवायला छापलंय. तिसरी: मागचं झाकण उघडून आत बनावटीचा प्रकार, मशीनचा क्रमांक, एफएल २३८८३ आणि बनवणाऱ्याचं नाव वाचा, आणि झाकणातला मशीनचा क्रमांक प्रत्यक्ष मशीनवरच्या क्रमांकाशी जुळवा. आयडब्ल्यूसी आपल्या दप्तरातून जुन्या घड्याळांच्या नोंदीचा उतारा पैसे घेऊन देते. एवढ्या व्यवहारात तो खर्च करायलाच हवा.

तबकडी नवीकोरी दिसत असेल तर खूश होऊ नका. पुन्हा रंगवलेल्या तबकड्यांचं आपल्याकडचं कसब जगभर ‘मुंबई स्पेशल’ या नावाने कुप्रसिद्ध आहे. जुन्या एचएमटी आणि फाव्रे-ल्यूबांवर हात बसलेल्या कारागिराला काळी तबकडी आणि एक त्रिकोण अवघड नाही. ऐंशी वर्षांच्या तबकडीवरचे आकडे पिवळट-तपकिरी, थोडे तडकलेले दिसायला हवेत.

त्या पिवळट रंगात रेडियम आहे. अंधारात आता काही चमकत नाही, कारण चमकणारं झिंक सल्फाइड कधीच मेलंय. रेडियमचं अर्धायुष्य मात्र १,६०० वर्षं, ते जिवंत आहे. काच बसलेली असेल आणि घड्याळ कपाटात असेल तर ठीक. पण शेजारच्या घड्याळजीकडे ‘जरा साफ करून द्या’ म्हणून नेऊन त्याला ते खरवडायला लावू नये. ती धूळ श्वासातून आत गेली तर नुकसान त्याचं.

आणि पॉलिश करू नका, अगदी कुणी फुकट करून देतो म्हटलं तरी. करडा मुलामा गेला की केसवरचं कोरीव काम पुसट होतं, आणि मग त्या नगाची ओळखच पुसली जाते.

२००२ मध्ये आयडब्ल्यूसीने या घड्याळाला नवा अवतार दिला. ५५ चे ४६ मिलिमीटर झाले, आत आपोआप चावी भरणारं सात दिवसांचं मशीन आलं, तारखेची खिडकी आली. त्रिकोण आणि दोन ठिपके राहिले. पट्ट्यावरचे रिव्हेट राहिले, जरी आता तो जॅकेटवरून कुणी बांधत नाही. नाव दिलं ‘बिग पायलट’. निरीक्षक नावातूनही उतरला. चावी मात्र तेवढीच मोठी आहे. हातमोजे घालून फिरवता यावी इतकी.